बैलजोडीसारख्या डिस्क

"कशाला?" हाच त्याचा नमस्कार. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं, की तो चष्मा कपाळावर सरकवायचा, हातातला स्क्रू-ड्रायव्हर समोरच्यावर रोखायचा आणि विचारायचा, "कशाला?" माउस मागा, नवा कम्प्युटर मागा, प्रश्न हाच. उत्तर पटलं नाही तर वस्तू मिळत नसे. असा एखादा दुकानदार तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या गल्लीतला नेमका माझ्या दारासमोर होता.

सैन्यात सिग्नलला हवालदार होता. मूळचा जत तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. निवृत्त झाल्यावर त्याने साताऱ्यात कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. सगळे त्याला हवालदारच म्हणत. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, पण मी त्याच्याबद्दल बोलताना 'ते' कधी म्हणालो नाही. आज तो नाही, म्हणून काही आता म्हणायला लागणार नाही.

माझा फोटो स्टुडिओ आहे. भरतीला निघालेली पोरं, स्थळाला फोटो पाठवायचा म्हणून नटून आलेल्या मुली, पेन्शनच्या कागदासाठी जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसलेले म्हातारे, सगळे माझ्या पडद्यापुढे बसून गेलेत. त्यातलं कुणी गेलं की घरचे पुन्हा माझ्याकडे येतात. "मोठा करून द्या, हार घालायचाय." अशा वेळी फोटो सापडलाच पाहिजे, एवढीच माझ्या धंद्याची लाज. पंचवीस वर्षांचे फोटो अकरा सुट्या हार्ड डिस्कवर, कपाटात पडून होते. त्यातली एक टकटक वाजायला लागली आणि मी हादरलो. घरी सर्व्हर बसवायचं ठरवलं. म्हणजे एक कम्प्युटर कायम चालू, त्यात दोन मोठ्या डिस्क. एकीवर जे जाईल ते आपोआप दुसरीवरही उतरणार. एक मेली तरी दुसरी जिवंत.

महिनाभर व्हिडिओ बघून मी यादी केली आणि ती घेऊन त्याच्याकडे गेलो. ही माझी पहिली चूक. त्याने यादी वाचली आणि लाल पेन काढलं.

"काचंची पेटी, निळं लाइट. वरातीत न्यायचाय व्हय ह्यो?" एक रेघ. "प्रोसेसर एवढा दांडगा कशाला? फोटो काय पळणार हायत? बसून तर ऱ्हायचंय त्येंला." दुसरी रेघ. "हापिसातनं काढल्याला जुना डबा घ्या. आदी यूपीएस घ्या. सगळा जोर डिस्कवर लावा."

"डिस्क दोन घेणारच आहे. एकसारख्या."

"एकसारख्या न्हाई!" तो असा ओरडला की दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "एक हितं घ्या. दुसरी महिन्याभरानं सांगलीत घ्या, येगळ्या कंपनीची. एका खोक्यातल्या डिस्क एकाच येळी म्हाताऱ्या हुत्यात. आन तिसरी कॉपी दुसऱ्या गावात. सगळी मेंढरं एका वाड्यात कोंडत न्हाईत. कळलं का, फोटोवाले?"

ते 'कळलं का' माझ्या डोक्यात गेलं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस मी. आमचे वडील बैल घ्यायला गेले की शिंगं, उंची, दात सगळं जुळवून बघत. 'विजोड' हा शब्द आमच्या घरी शिवीसारखा वापरत. आणि हा मेंढरामागचा माणूस मला विजोड घ्यायला सांगत होता!

पाडव्याच्या मुहूर्तावर मी सांगलीला गेलो. विश्रामबागेतल्या दुकानात एसी होता. दुकानदाराने पाणी दिलं, साहेब म्हणाला, एकदाही 'कशाला' म्हणाला नाही. मी काचेची पेटी घेतली आणि एकाच खोक्यातल्या दोन डिस्क घेतल्या. त्यांचे नंबरसुद्धा लागोपाठचे होते. घरी न्यायच्या आधी मुद्दाम त्याच्या दुकानावरून मिरवत नेल्या.

"एका खोक्यातल्या?" त्याने बसल्या जागेवरून विचारलं.

"जोडी हाय," मी म्हणालो.

"मग येसण पन घाला की."

मी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, अकरा डिस्कवरचं सगळं त्या जोडीवर उतरवलं आणि जुन्या पुसून लग्नसराईच्या कामाला जुंपल्या.

पुढची दोन वर्षं आमचं युद्ध चाललं. माझ्याकडून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाला तो हाक मारून सांगायचा, "फोटो कागदावर घ्या बरं का. ह्येंच्या डब्यावर इस्वास ठेवू नका." मी त्याच्या रस्त्यावर आलेल्या बाकड्याची पालिकेत तक्रार केली आणि बाकडं उचलायला लावलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, तेही सांगून टाकतो.

तिसऱ्या वर्षी ऐन मे महिन्यात एक डिस्क गेली. मी घाबरलो नाही. नवी आणून बसवली. जिवंत डिस्कवरून नवीवर सगळं उतरत होतं आणि मी जेवायला बसलो होतो. ताटावरून उठून बघतो तर दुसरीही गेलेली. तीच टकटक.

चार दिवस मी त्याच्याकडे गेलो नाही. पाचव्या दिवशी गेलो. त्याने बसायला सांगितलं नाही. डिस्क हातात घेतल्या, नंबर वाचले आणि मान हलवली.

"काढाय बघतो. हात लावू नका, रोज इचाराय येऊ नका."

त्याच आठवड्यात लोणंदकडच्या एका खेड्यातून एक आजी आली. नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं, वर्षश्राद्धाला फोटो हवा होता. "आधार कारडावर डोळं मिटल्यालं हायत. ते आमचं मानूस वाटतच न्हाई. तुमी आमचा दोगांचा काढल्याला बगा, त्यात हसल्यात." मला तो फोटो आठवत होता. हिचे गुडघे दुखत होते म्हणून ही खुर्चीत बसली आणि म्हातारा मागे उभा राहिला. आपण बायकोच्या मागे उभे, याचंच त्याला हसू आलं होतं.

"आजी, पुढच्या आठवड्यात या. शोधून ठेवतो," मी म्हणालो.

ती पायरी उतरली तोच, समोरून हे ऐकत असलेला हवालदार रस्ता ओलांडून आला.

"आज्जी, फोटो गेलाय. ह्येंनी घालवला. मी काढाय लागलोय, पन घावंल असं न्हाई. शनवारी या, काय ते सांगतो."

भर गल्लीत. मला त्याच्या कानाखाली ओढावीशी वाटली. आजी तिथंच पायरीवर बसली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यालाच विचारलं, "शनवारी किती वाजता येऊ?"

शनिवारी तिघंही त्याच्या दुकानात होतो. निम्म्याहून जास्त फोटो त्याने वाचवले होते. एकेक तुकडा कुरतडत दुसऱ्या डिस्कवरून काढला होता, डोळे लाल झाले होते. त्याने आजीचा फोटो पडद्यावर उघडला. वरचा अर्धा भाग स्वच्छ होता. म्हातारा खुर्चीमागे उभा, पटका, मिशा, ते हसू, सगळं जिथल्या तिथं. खालचा अर्धा नुसता राखाडी. खुर्ची नाही, आजी नाही. खांद्यापर्यंत म्हातारा आणि खाली काहीच नाही.

"एवढंच आलं, आज्जी," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याचा आवाज खाली आलेला मी पहिल्यांदा ऐकला.

आजी पडद्याजवळ गेली. पदराने डोळे पुसून पुन्हा बघितलं.

"माझं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी हाय की अजून. ह्ये आलं न्हवं? बास झालं."

मी तो वरचा भाग मोठा करून, चौकट लावून तिला दिला. हवालदार त्या दिवशी माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, "बगितलंत?" आणि पुन्हा कामाला लागला. त्यानंतरही आमचं बोलणं झालं नाही. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी जेरीस आला, तेव्हा दुकान आवरून टेम्पोत बसून जतला गेला. मी दारात उभा होतो. त्याने हात केला नाही, मीही केला नाही. सहा महिन्यांनी तो वारल्याची बातमी आली.

त्या शनिवारनंतर मला तो माणूस का सहन होत नव्हता, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्याने मला गल्लीत उघडं पाडलं म्हणून नाही. तो रस्ता ओलांडून आला नसता, तर मी त्या आजीला दर आठवड्याला पुढच्या आठवड्यात बोलावलं असतं. एसटीने हेलपाटे घालून ती दमली असती आणि एक दिवस यायची थांबली असती, आणि मी सुटलो असतो. माझ्या मनात हेच होतं आणि ते त्याने ओळखलं होतं.

आता कुणी फोटो मागायला आलं आणि तो सापडला नाही, तर मी सरळ सांगतो, "गेला. माझ्या चुकीनं गेला." सांगताना समोरच्या बंद शटरकडे मात्र मला बघवत नाही.