नसरीन मॅडम आणि मोताळा रोडचं उंबर

"आज काय केलं तुझ्या मॅडमनं?" नवऱ्याने संध्याकाळी एवढं विचारायचा अवकाश, चहा गार होतो. कॉलेजात प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले तेव्हा वाटलं होतं, वनस्पतिशास्त्रात सांगण्यासारखं काय घडणार? झाडं जागची हलत नाहीत. पण नसरीन मॅडम एका जागी बसत नाहीत ना.

* * *

माझा इंटरव्ह्यू असा झाला.

"शिडीचं भेव वाटते?"

"हो."

"मुंग्यांचं?"

"हो."

"घरी लहान लेकरू आहे म्हणते. त्याची काळजी?"

"ती तर झोपेतसुद्धा असते, मॅडम."

नोकरी गेली असं धरून मी पर्स उचलली. मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून ये. ज्याले भेव वाटते, तो गाठ दोनदा पाह्यते."

गाठ म्हणजे मलमलच्या पिशवीची. उंबराची फुलं फळाच्या आत असतात. बारीक केंबरं, म्हणजे चिलटाएवढे किडे, फळाच्या तोंडातून आत शिरतात, सोबत पराग नेतात, तिथेच अंडी घालतात. केंबरं आत गेली नाहीत तर बी धरत नाही, हे मॅडमना आपल्या इथल्या मोताळा रोडच्या झाडावर दाखवायचं होतं. म्हणून केंबरं यायच्या आधीच काही कोवळ्या फळांवर पिशव्या बांधायच्या आणि बाकीची पिकेपर्यंत उघडायच्या नाहीत. मागच्या बहरात माकडांनी सगळ्या पिशव्या फाडल्या. उन्हाळ्यात मॅडम रिटायर होणार. त्यामुळे हा बहर शेवटचा.

* * *

एका रविवारी माझ्या अन्वीने उंबर खाल्लं. आत काय काय असतं हे आता मला माहीत! शिकण्याचा हा तोटा. मी लगेच फोन लावला.

"मॅडम, अन्वीनं उंबर खाल्लं. केंबरांसकट."

पलीकडून काळजीचा आवाज, "कोणत्या झाडाचं?"

"आमच्या गल्लीतल्या."

"हाव, मंग खाऊ दे. मी समजली, मोताळा रोडचं."

* * *

पुण्याच्या सेमिनारला मॅडम आपल्या बोलीतच सुरू झाल्या. "केंबर आत शिरते, पंख तोंडापाशीच तुटते, मंग ते काही वापस येत नाही." पुढच्या रांगेतले एक सर गोड हसून म्हणाले, "इंग्रजीत बोललात तरी चालेल हं, मॅडम." मॅडमनी उरलेलं सगळं इंग्रजीत सांगितलं, एका दमात. चहाच्या वेळी तेच सर बशी सावरत जवळ आले. "मॅडम, तो पंखांनंतरचा भाग... मराठीत सांगता का पुन्हा?"

* * *

ते केंबर मी मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा पाहिलं. फळात मरून पडलेली एवढीशी आई, बिनपंखांची. मला रडूच आलं.

"काऊन रडून राह्यली?"

"तिला परत जाता येत नाही, मॅडम."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "तुले येते. जाय घरी."

* * *

मोताळा रोडच्या त्या उंबराखाली दत्ताच्या पादुका आहेत, म्हणून मॅडम शिडीवर अनवाणी चढतात. प्रत्येक पिशवीला हात लावून ओठातल्या ओठात मोजतात. खाली पूजेला आलेल्या बायका ते रोज पाहत होत्या.

केंबरं येऊन गेली, त्यानंतर दोन दिवसांनी आम्ही गेलो तर झाडावर आमच्यापेक्षा जास्त पिशव्या. रुमालाच्या, ब्लाऊजपीसच्या, एक तर लाल जरीची. बायकांनी हात पुरेल तिथल्या फळांना नवस बांधला होता. गेला हाही बहर!

मॅडमनी आमची एकेक गाठ पाहिली. शाबूत होती. मग वच्छलाबाई म्हणून त्या बायकांतल्या एक म्हाताऱ्या होत्या, त्यांच्यापाशी बसल्या. "माय, तुमच्या पिशव्या राहू द्या. फक्त माकडं आली तं माह्याही पिशव्या सांभाळा."

बायकांनी पाळ्या लावून राखण केली. एक माकड फिरकलं नाही.

उघडायच्या दिवशी सगळ्या जमल्या. वच्छलाबाईंची लाल जरीची पिशवी सुटली. आत टपोरं, लालबुंद उंबर, फोडलं तर बियांनी गच्च. दुसरीचं तसंच, तिसरीचंही. मग मॅडमनी आमची पहिली पिशवी सोडली. वाळून गळालेलं फळ, आत ना केंबर, ना एक बी. दुसरी सोडली, तसंच. तिसरी, चौथी... सगळी पोकळ. शेवटची सोडताना मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वच्छलाबाई उठल्या, मॅडमच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको वं बाई. एकेकाचा नवस नाही पावत."

आणि आपलं ते बियांनी भरलेलं उंबर त्यांनी पुढे केलं. "हे घे माह्यातलं."

मॅडमनी ओढणी पसरली.