शिवम्मा मॅडमचं हळदीकुंकू

शिवम्मा मॅडम कलबुर्गीहून धाराशिवला विद्यापीठाच्या उपकेंद्रात इंग्रजी साहित्य शिकवायला आल्या, तेव्हा त्यांना मराठीत जेमतेम भाजी घेता येत होती. पुढं त्या मराठीत भांडायलाही शिकल्या. विषय कायम एकच: विद्यापीठात स्त्री अभ्यासाचा वर्ग हवा. "बायकांचा कसला अभ्यास करायचा?" असं कुणी विचारलं, की त्याला त्या चहा पाजत आणि तासभर उठू देत नसत. यंदा एकदाची मंजुरी आली. अट एवढीच, की महिनाअखेरपर्यंत वर्गाच्या सगळ्या जागा भरल्या पाहिजेत.

मुली तयार होत्या, आया नव्हत्या. संक्रांतीचे दिवस होते, आणि हळदीकुंकवाला जाणाऱ्या बाईला घरात कुणी अडवत नाही. मॅडमनी सगळ्या आयांना विद्यापीठातच हळदीकुंकवाला बोलावलं.

सभागृह भरून गेलं. मॅडमचे पाय जमिनीवर ठरेनात. एवढ्यात त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी अक्षदा दारातच थांबलेली दिसली.

"आई आली नाही का गं?"

"आलीय. लिंबाखाली बसलीय."

"आत का नाही?"

अक्षदा हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, वडील गेल्यापासून तिला कोण बोलावतंय हळदीकुंकवाला?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांच्या गावीही हीच रीत होती, आणि तरी निमंत्रण देताना त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी हातातली हळदीकुंकवाची कोयरी टेबलावर ठेवली आणि माईक घेतला. "सगळ्याजणी बाहेर चला. कार्यक्रम लिंबाखाली."

अक्षदाची आई सिताबाई एवढ्या बायका येताना बघून गडबडून उठली. मॅडमनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. "चुकलं माझं, अक्का."

"राहू द्या वो. पोरगी ह्या वर्गात काय शिकंल, ते सांगा."

"तुम्ही बाहेर का बसलात, ते."

"त्याला विद्यापीठ कशाला? म्या घरीच सांगते की."

बायका हसल्या.

"मग आजवर सांगितलंत का?"

सिताबाईनं लेकीचा हात धरून तिला पुढं घेतलं. मग म्हणाली, "आमच्या लोहाऱ्याची शेवटची गाडी चुकली म्हंजे?"

"माझ्या घरी राहील."

"घरात कोण कोण हाय?"

"मी आणि एक मांजर."

"मांजर चालंल. घाला हिचं नाव."

"आमच्या हर्षालीचं बी घाला," जळकोटची एक बाई पुढं सरकली, "पर वर्ग सकाळी घ्या."

"सकाळी? भूमची गाडी इथं पोचती कवा, ठावं हाय का?" मागून दुसरी म्हणाली.

गाड्यांच्या वेळांवरून एकच गलका उठला. मॅडम प्रवेश अर्ज आणायला धावल्या, त्या अनवाणीच.