आईसाठी कापलेली भाषणं

वडील गेल्यावर चार महिन्यांनी मी त्यांच्या भाषणांच्या सीडी करायला बसले. औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं कोऱ्या सीडींचा डबा वरच्या फळीवरून काढला, फुंकर मारली आणि विचारलं, "मॅडम, इसका अब क्या करते?" पण आईची नजर काचबिंदूनं गेली आहे. मोबाइलची काच तिच्या बोटाला सगळीकडं सारखीच लागते. जुन्या प्लेअरची बटणं मात्र चाचपून कळतात.

वडील शहरात आणि गावोगाव व्याख्यानं द्यायचे. आईनं त्यातलं एकही ऐकलेलं नव्हतं. सभेनंतर पाहुणे आमच्याकडं जेवायला येत. सभा चालू असताना ती पोळ्या लाटत असे. आता तिला सगळी ऐकायची होती.

"हारतुरे तेवढे काढ बाई," ती म्हणाली.

हारतुरे काढल्यावर सिल्लोडच्या व्याख्यानाची लांबी पाऊणपट झाली. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा सत्कार. समई लावताना काडी तीनदा विझली, तेही ध्वनिमुद्रित झालं होतं.

उरलेलं भाषण सलग टाकलं असतं, तर आईला डुलकी लागली की पुन्हा 'अध्यक्षमहोदय'पासून सुरुवात करावी लागली असती. म्हणून पाच-पाच मिनिटांचे ट्रॅक पाडायचे. कापायचं ते श्वासावर, वाक्याच्या मध्ये नाही. संगणकाच्या पडद्यावर वडील म्हणजे आवाजाची एक निळी नक्षी होती. बोलताना फुगायची, थांबले की सपाट व्हायची. रडू येईल म्हणून मी रुमाल जवळ ठेवला होता. त्यानं पडदा पुसला.

सात भाषणांत एकच विनोद सातदा होता. विषय शेतीचा असो की लोकशाहीचा, मध्येच वडील थांबत आणि म्हणत, "आमच्या घरी दोन हजार पुस्तकं आहेत. आमच्या मंडळींनी त्यातलं एकही उघडलेलं नाही. पण धूळ मात्र रोज पुसतात!" सभागृह कोसळायचं.

हे आईनं ऐकावं का, हे ठरवायला आता माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी विनोदाच्या अलीकडं एक काप दिला, पलीकडं एक, आणि मधला तुकडा सातही ठिकाणी उडवला. जसे सत्कार उडवले, तसाच. काही वाटलं नाही. अडचण एवढीच, की वडील लोकांचं हसणं ओसरायच्या आत पुढचं वाक्य सुरू करत. त्या वाक्याखालचं हसू काढता येईना. राहू दिलं.

आईनं पहिली सीडी दोन दिवस ऐकली. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर म्हणाली, "सहाव्या ट्रॅकमध्ये लोक कशाला हसतात गं? हे तर जमिनीच्या धुपेबद्दल बोलतायत."

"असंच काहीतरी असेल."

"माझ्यावरचं होतं ना? पुस्तकांचं?"

मी कप तिच्या हातात दिला.

"कॉलनीतल्या बायकांनी कधीच सांगितलंय मला. इथल्या दर सभेनंतर येऊन सांगायच्या, हसत हसत. ह्यांच्या तोंडून तेवढं ऐकायचं राहिलंय. घाल परत."

मी ते परत घातलं. नवी सीडी केली. त्या तुकड्याला स्वतंत्र ट्रॅक दिला, म्हणजे नको असेल तर तिला ओलांडता येईल. लावली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

वडील थांबले. बोलले. सभागृह कोसळलं. आईचा चेहरा होता तसाच होता.

"एकही नाही म्हणे," ती म्हणाली. "दुपारभर काय करत होते मी? ह्यांना जेवायला वाढताना सांगायचे, अमक्या पुस्तकात हे असं आहे, तेच हे संध्याकाळी सभेत बोलायचे." मग म्हणाली, "आणि धूळ काही रोज नव्हते पुसत. आठवड्यातनं एकदा."

हसू ओसरायच्या आत वडिलांनी पुढचं वाक्य सुरू केलं होतं. ते धुपेबद्दल होतं. ती ऐकत राहिली.