कलावतीची चाल

रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या क्षमाला लहानपणापासून कथकशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. वडील श्यामराव रेल्वेत होते. पोरीला सायकलवर बसवून क्लासला न्यायचे आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचे, "आमची पोट्टी मोठी कथकवाली होणार आहे."

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा शहरात मोठमोठे कार्यक्रम होऊ लागले. अशाच एका कार्यक्रमाच्या तालमीत चक्कर घेताना क्षमाचा गुडघा फिरला. ऑपरेशननंतर चालता येऊ लागलं, पण नाच बंद. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

तिने रडारड केली नाही. परीक्षा दिली, सरकारी नोकरी धरली, शहराबाहेर उरला गावच्या रोलिंग मिलमध्ये कामाला असलेल्या सुशीलशी लग्न केलं. मात्र कुठे नाचाचा कार्यक्रम असला की तिचं डोकं दुखायचं. हळूहळू घरच्यांनी 'येतेस का' असं विचारणंही सोडलं.

मुलगी मीरा आठवीत होती तेव्हा शाळेसाठी एक कठपुतळी करायला बसली आणि अर्ध्यातच कंटाळून उठली. क्षमाने ती पुरी करून दिली. मग स्वतःसाठी म्हणून दुसरी करायला घेतली. कोपरापाशी कापूस कमी भरला की हात तिथे वाकतो, मानेत दोन टाके कमी घातले की मान डोलते, हे तिला शिवता शिवताच कळत गेलं. पण दोऱ्या बांधून उभी केली तर बाहुली नुसती तरंगायची.

"पाऊल पडल्यासारखं वाटूनच नाही राहिलं," ती सुशीलला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना त्याने चार लोखंडी नट आणले. क्षमाने ते बाहुलीच्या पायांत शिवले. फरशीवर टक्कन आवाज झाला आणि तिच्या अंगावर काटा आला.

मग महिनाभर ती बाहुलीला आपले कथकचे जुने तोडे शिकवत बसली. दोऱ्यांचा गुंता व्हायचा, तो सोडवून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकदा मीराला समोर बसवून तिने नाच दाखवला.

"मम्मी, ये नाच नहीं रही," मीरा म्हणाली. "आप इसको ज़बरदस्ती नचा रही हो."

"तुले काय कळते त्यातलं?" क्षमा म्हणाली आणि बाहुली खुंटीला अडकवून टाकली. मीराचं बरोबर होतं, म्हणून तिला जास्त लागलं होतं.

पुढे एका रविवारी गोल बाजारात एक म्हातारी भाजीवाली गिऱ्हाइकाशी भांडत होती. कंबरेवर हात, एक पाय ओढत दोन पावलं पुढे, मानेला झटका, आणि मग सगळं संपल्यासारखी धपकन पोत्यावर बसली. क्षमा भाजी घ्यायची विसरली. पदराआड तिची बोटं आपोआप हलत होती.

घरी येऊन तिने बाहुलीची कंबर उसवली, त्यात कापूस कोंबला, एका पायातला नट काढला. आता बाहुली पाय ओढत चालली, थांबली, मान झटकली, धपकन बसली. मीरा पोट धरून हसली.

"इसका नाम क्या है?"

"कलावती," क्षमा म्हणाली. नाव कुठून आलं, तिलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बऱ्याच उशिराने तिच्या लक्षात आलं, की सबंध दुपारभर आपल्याला गुडघा आठवला नाही.

त्या वर्षी तात्यापाऱ्यातल्या गणपतीत कलावतीचा खेळ झाला. लोक हसले, दोन बाया खेळातल्या भांडणात कलावतीची बाजू घेऊन मधेच बोलल्यासुद्धा. श्यामराव पुढच्या खुर्चीत होते. खेळ संपल्यावर हळूच म्हणाले, "छान झालं, बेटा. पण तुझा नाच पाहायचा राहूनच गेला."

"मलेही वाटते तसं कधी कधी," क्षमा म्हणाली. पूर्वी बाबांच्या अशा बोलण्यावर ती उठून गेली असती. आता ती त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसली. "बाबा, कलावतीचा नवरा करून राहिली मी. हिरालाल. तो खाटेवरून उठतच नाही. पडल्या पडल्या माणूस हसवतो कसा, ते सांगा मले."

श्यामराव विचारात पडले. मग त्यांनी खुर्चीतच पाय लांब केले, मान एका बाजूला टाकली आणि डोळे मिटून पोट खाजवलं.

"थांबा," क्षमा म्हणाली. "अजून एकदा करा."