कवेलूवाली मास्तरीण

तिच्याजवळ मोबाईल नव्हता. घरातही नव्हता. आणि तीच पोरगी सगळ्या शाळेला मोबाईल शिकवायची. दहावीत होती. हातात फुटक्या कवेलूचा, म्हणजे छपरावरच्या कौलाचा, एक तुकडा, तोच तिचा मोबाईल. पोरं तिला कवेलूवाली मास्तरीण म्हणत. सत्तर वर्षांत मी मास्तर पुष्कळ पाहिले, चौथीपर्यंत त्यांचा मारही खाल्ला. पण अशी मास्तरीण पाहिली नाही.

आमची शाळा बोदलकशाच्या तलावाकडून येणाऱ्या रस्त्यावर. तिथं माझी बायको खिचडी शिजवायची. ती गेली तेव्हा तिचा खिचडी ढवळायचा सराटा मी हाती घेतला. घरी बसलो तर भिंती खायला उठत. तिचा मोबाईलही मीच वापरू लागलो. मेसेज पाठवला की सोबत तिचाच फोटो दिसायचा, तो तसाच राहू दिला.

गोंदियाहून कोणी साहेब येऊन सांगून गेले होते, की मोबाईलवर कोणी छळलं तर काय करायचं ते मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावं. बाकीची पोरं एक दिवस बोलली नि विसरली. ही दर शनिवारी पाचवी-सहावीला माझ्या चुलीजवळच्या ओट्यावर बसवायची. कवेलूवर खडूनं जाड वेडंवाकडं तोंड काढायची अन् हातोहात फिरवायची. शेवटी ओल्या फडक्यानं पुसून टाकायची.

"गेलं?"

"गेलं."

"आता आपापले हात पाहा."

सगळ्यांची बोटं पांढरी. मी सराटा धरून उभा. खिचडी तळाला लागली तरी कळलं नाही.

"कोणी वाईट पाठवलं तर काऊन पाठवलं म्हणून भांडत बसू नका," ती सांगायची. "फोन पालथा घाला. मोठ्या माणसाला दाखवा. पुढं ढकलू नका."

हे सगळं मी ऐकलं होतं. ऐकूनही जे केलं ते सांगतो.

सहावीतल्या सुमीचं तोंड कोणीतरी म्हशीच्या धडावर चिकटवलं. ते फिरत फिरत माझ्याकडे आलं. खाली मराठीच लिहिलं होतं, पण इंग्रजी अक्षरात. ते मला कुठं वाचता येतं. मला वाटलं, लेकरांची गंमत. हसलो, नि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकून दिलं.

सुमी शाळेत यायची बंद झाली. तिची आई म्हणाली, आता मामाच्या गावी पाठवते, बकऱ्या राखील. चौथ्या दिवशी मास्तरीण चुलीपाशी आली.

"काऊन वं," मी म्हटलं, "आज तं शनिवार नाही."

"आबाजी, फोन दाखवा."

खालच्या ओळी तिनं मला वाचून दाखवल्या. त्या मी इथं लिहीत नाही. मग म्हणाली, "आता वरचा फोटो पाहा. कोणाच्या नावानं गेलं हे?"

वर माझी म्हातारी हसून राहिली होती.

"चुकलो बाई. माफी मागतो," मी म्हटलं.

"मले नोका मागू. चला."

ती पुढं, मी मागं. थेट सुमीच्या घरी.

सुमी दाराआड उभी होती. तिनं एकच विचारलं, "आजीनं पाठवलं होतं का?"

म्हातारी जायच्या आधी खिचडीची तळाची खरवड या पोरीसाठी वाटीत झाकून ठेवायची. आईच्या फोनमध्ये आजीचा हसरा फोटो, अन् खाली ते. लेकरू चार दिवस तेच घेऊन बसलं होतं.

"नाही गं माय. मी पाठवलं. आजी असती तर तिनं मला सराट्यानं हाणलं असतं."

दाराआडून हसू आलं की रडू, मला कळलं नाही.

शनिवारी मास्तरणीनं मोठ्या वर्गांनाही बोलावलं आणि मला ओट्यावर उभं केलं. म्हणाली, सांगा. मी सगळ्यांसमोर सांगितलं. एक पोट्टा फिदीफिदी हसला. तिनं खडूचं तोंड काढलेलं कवेलू फक्त त्याच्या हातात दिलं. तो बोटं पँटला पुसू लागला. मग म्हणाली, "आबाजी चुकले, अन् पायी जाऊन बोलून आले. ज्यानं हे बनवलं, त्यानं आपलं पाहावं." सोमवारी तिच्याच वर्गातले दोघं सुमीच्या घरी गेले. बुधवारी सुमी ताट घेऊन रांगेत. खरवड मी झाकून ठेवलीच होती. रोजच ठेवत होतो.

दहावी झाली नि मास्तरीण पुढं शिकायला मावशीकडे नागपूरला गेली. निघताना भेटायला आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, फोनवरचा हा फोटो काढून दे. मला लाज वाटते."

"काढत नाही," ती म्हणाली. "दाबायच्या आधी आजीला विचारत जा."

कवेलू तिनं सुमीला दिलं. शनिवारी आता सुमी शिकवते, मी चुलीपाशी ऐकतो. फोनवर काही आलं की आधी पालथा घालतो. थोड्या वेळानं सुलटा करून म्हातारीला विचारतो. बहुतेक वेळा ती नाही म्हणते.