स्टुडिओतली दाद

तुमचे आजोबा नाट्यसंगीताच्या मैफलींत ऑर्गन वाजवायचे. ऐंशीच्या दशकात त्यांना पहिल्यांदाच एका मराठी चित्रपटाचं संगीत करायला मिळालं आणि अंधेरीच्या एका स्टुडिओत गाण्याचं रेकॉर्डिंग ठरलं. मी दुपारचा डबा घेऊन गेले होते.

तेव्हा गायिका आणि सगळे वादक एकत्रच रेकॉर्डिंग करत. एकाची चूक झाली की गाणं पुन्हा पहिल्यापासून. गायिकेने अंतऱ्यात एक सुरेख जागा घेतली आणि ऑर्गनवर बसलेल्या आजोबांच्या तोंडून मैफलीतल्या सवयीने "वा" निघून गेलं. पुन्हा गाणं सुरू केलं, तर त्याच जागेला पुन्हा "वा".

निर्माते वैतागले. "तुम्ही काचेमागे बसा. ऑर्गनला दुसरा माणूस बोलावतो."

आजोबांचा चेहरा उतरला. आपली चाल दुसऱ्याने वाजवायची, हे त्यांना सोसणारं नव्हतं.

"अहो, तोंडावर हात तरी ठेवा," मी म्हटलं.

"हात पट्ट्यांवर, पाय भात्यावर. तोंडच तेवढं मोकळं आहे गं."

मग मी डब्यातला बेसनाचा अख्खा लाडू त्यांच्या तोंडात कोंबला. निर्मात्यांनी हसू दाबत आणखी एक संधी दिली. ती जागा आली तेव्हा आजोबांनी डोळे मिटले, मान डोलावली, पण आवाज फुटला नाही. गाणं ओके झालं.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझताच त्यांनी घास गिळला आणि "वा, क्या बात है" सुरू केलं, ते थांबेचनात.

"काका, पुरे आता," गायिका म्हणाली, "सगळे जेवायचे खोळंबलेत."

उरलेल्या गाण्यांनाही ऑर्गन त्यांनीच वाजवला.