यादीतून काढलेली ओळ

फोटो स्टुडिओवाल्या बाईंना सगळी गल्ली आत्या म्हणायची. आत्या भारी फटकळ. फोटो काढताना 'हस' म्हणायची तेही दम दिल्यासारखं. भावाने तिला कॉम्प्युटर घेऊन दिला, तेव्हा माउसचं उजवं बटण दाबलं की उघडणाऱ्या यादीत रोजची कामं घालून दिली होती. फोटो कापणं, डाग पुसणं आणि सगळ्यात वर, 'चेहरा उजळ करा'. भावाची पाठ वळताच आत्याने ती वरची ओळ काढून टाकली. तरुणपणी तिचाही फोटो असाच कुणीतरी उजळला होता. पाहायला आलेल्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि चहा तसाच ठेवून उठले.

एकदा एक गृहस्थ लग्नाच्या मुलीला घेऊन आले. फोटो पडद्यावर दिसताच म्हणाले, "जरा गोरी करा हिला."

आत्याने त्यांच्यासमोरच उजवं बटण दाबलं. "बघा, आहे का यात कुठे? नाही, त्याला मी काय करू?"

गृहस्थांना पटेना. ते मुलीला म्हणाले, "तू दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरवरच असतेस ना? बघ गं जरा."

मुलगी पुढे वाकली. या यादीत ओळी घालता येतात, काढता येतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आत्याने ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं.

"नाही हो बाबा," मुलगी म्हणाली, "कॉम्प्युटर जुना आहे यांचा." मग आत्याकडे वळली. "मी आहे तशीच छापा."